इसार देण्याआधी

मला गाडी चालवता येत नाही. सायकल अन् बैलगाडी, यापलीकडं माझी मजल गेली नाही. तरी आमच्या शिवारात कुणाला जुनी पिकअप घ्यायची असली की पोरं मला संगं नेतात. "काका, तुम्ही नुसतं बगा, बोलायचं काम आम्ही करतो," म्हणतात. मी बघतो. बोनेटला हात लावतो, गाडीखाली आडवा होतो, धोतराला माती लागते. विकणारा हसतो. हसू द्यावं. हे बघणं मला फुकट आलेलं नाही.

आमचं गाव लोहा अन् अहमदपूरच्या मधलं, नांदेड-लातूर रस्त्यापासून थोडं आत. मी तरणा असताना या रस्त्यावर टाटाची ४०७ नवीनच दिसू लागली होती. ती १९८६ ला आली. पुढं २००५ ला छोटा हत्ती आला, अन् महिंद्राच्या पिकअपनं तर बैलगाडीला पार कडेला सारलं. आता सोयाबीन-तूर लातूरच्या अडतीला न्यायची तर पिकअप, अर्धापूरची केळी हैदराबादला जायची तर पिकअप, बाजाराला शेळ्या, लग्नाचं रुखवत, खताची पोती, सगळं तिच्यातच.

२०१३ साली आमचा थोरला दुसऱ्याच्या पिकअपवर रोजानं ड्रायव्हर होता. बारावी होऊन चार वर्षं झाली होती. एक दिवस जेवताना म्हणाला, "अण्णा, दुसऱ्याची गाडी किती दिवस हाकायची? जुनी का हुईना, आपली घेऊ." मला पटलं. लाल कंधारी बैलांची एक जोडी होती, ती हाळी-हंडरगुळीच्या बाजारात विकली. सोयाबीनचे पैसे घातले. तरी कमी पडले तर मालकिणीनं पाटल्या काढून दिल्या. काही बोलली नाही, नुसत्या पदरात बांधून आणून पुढं ठेवल्या.

गाडी लातूरच्या बाजूला एकाकडं होती. आम्ही पोचलो तवर दिवस कलला होता. गाडी धुऊन पुसून उभी, चकाचक रंग, पुढं लिंबू-मिरची. इंजिन आधीच चालू करून ठेवलेलं. मीटरवर ९४ हजार किलोमीटर. २००७ ची गाडी अन् फक्त ९४ हजार! आम्हाला लॉटरी लागल्यासारखं झालं. मालकानं चहा पाजला, "पोरीचं लगन काढलंय म्हणून विकाय लागलोय," म्हणाला. दोन लाख दहा हजाराला सौदा झाला. मी जागेवर अकरा हजार इसार दिला. चहाचा कप खाली ठेवायच्या आत मी तो दिला, हे मला आजही आठवतं.

आमच्या दादांना हे बघून काय वाटलं असतं, हा इचार माझ्या मनात फार उशिरा आला. दादा म्हणजे माझे वडील. ते बैल घ्यायचे तेव्हा मी संगं असायचो. माळेगावच्या यात्रेत किंवा हाळीच्या बाजारात ते सकाळी जायचे, ऊन चढायच्या आत. हेडी कितीबी बोलू द्या, दादा गप्प. आधी दात बघायचे, दोन दाती का चार दाती. मग खूर, मग खांदा दाबून बघायचा. मग चालवायला सांगायचे, अन् ते ओल्या जागेतून. पाऊल कसं उमटतं ते बघायचे. नंतर दावणीला दुसऱ्या बैलाशेजारी बांधून बघायचे, मारका हाय का. एवढं झालं की मग रुमालाखाली हात जायचा. बैल पसंत पडला तरी त्या दिवशी इसार देतीलच असं नव्हतं. "बैल आपल्या घरी दहा वर्षं ऱ्हाणार. एक रात जाऊ दे की," म्हणायचे.

मी ती जोडी विकली, अन् त्या जोडीसंगं दादांची ही रीत पण विकून बसलो.

गाडीनं वर्षभर बरं काम केलं. तेल जरा जास्त प्यायची, पण पोरगा म्हणायचा जुनी गाडी म्हटल्यावर एवढं चालायचंच. २०१४ चा पावसाळा हलका गेला होता, सोयाबीन गुडघ्याच्या वर आलं नव्हतं. काढणीला बाया मिळंनात, म्हणून आम्ही शेजारच्या वाडीवरून बाया आणायचो पिकअपच्या हौद्यात बसवून. माल वाहायच्या गाडीत माणसं नेता येत नाहीत, हे मला माहीत होतं. सगळेच नेतात म्हणून मीबी नेत होतो. त्या दिवशी चौदा जणी होत्या. संध्याकाळी परत सोडायला जाताना ओढ्याच्या उतारावर मागून मोठा आवाज झाला, गाडी डाव्या अंगाला बसली अन् कडेच्या चरात गेली. चासीला पाटा जिथं अडकवलेला असतो, तो ब्रॅकेट चासीचा तुकडा घेऊनच तुटला होता. देवाची कृपा, जीव कुणाचा गेला नाही. पण आमच्या भावकीतली एक वहिनी फाळक्याला धरून बसली होती, तिचा उजवा हात कोपरात मोडला. नांदेडला नेलं, ऑपरेशन झालं, सळई घातली. हात सरळ व्हायचा तो झालाच नाही. ती आता भाकरी डाव्या हातानं थापते.

अहमदपूरच्या मिस्त्रीला आणलं. साठीचा म्हातारा मुसलमान माणूस, आम्ही त्याला चाचा म्हणतो. तो गाडीखाली गेला, बॅटरी मारली अन् मला हाक मारली, "अन्ना, इधर आओ, सो के देखो." मी आडवा झालो. चासीला जुनी चीर, त्याच्यावर वेल्डिंग, वेल्डिंगवर पट्टी, अन् सगळ्यावर काळा रंग फासलेला. बाकीची चासी मातकट अन् तेवढीच जागा काळीभोर. चाचा म्हणाला, "एक मिनिट का काम था. लेने के टाइम नीचे नई देखे क्या?" मी काय बोलणार?

त्यानं त्या दिवशी मला गाडी वाचायला शिकवलं, अन् पुढं दोन-तीन वर्षं मी त्याच्या गॅरेजवर बाजारच्या दिवशी जाऊन बसायचो. ते सांगतो.

गाडी बघायला सकाळी जायचं, अन् मालकाला आदल्या दिवशी सांगायचं की चालू करू नका. गेलं की पहिला हात बोनेटला. गरम लागलं तर परत फिरावं, नाहीतर चार तास झाडाखाली बसावं. थंड इंजिन खोटं बोलत नाही. गरम झालेलं जुनं इंजिन सुरळीत चालतं, त्याचं दुखणं सकाळीच कळतं.

इंजिन चालू करायच्या आधी तीन टोपणं बघायची. रेडिएटरचं टोपण, तेही थंड असतानाच, गरमात उघडलं तर तोंड भाजतं. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर समजायचं की तेल अन् पाणी आत कुठंतरी एक झालंय. दुसरं, इंजिनात तेल ओततात ते टोपण. त्याच्या आतून दह्यासारखं पांढुरकं लागलेलं असलं तर हेडचं गॅस्केट बघायला लावायचं. तिसरी तेलाची पट्टी. डिझेल इंजिनाचं तेल काळंच असतं, त्याला भ्यायचं नाही. पण बोटावर चोळून बघायचं, कचकच लागली तर आत झीज आहे.

मग चालू करायचं. एका चावीला लागते का तीन चाव्यांना, ते मोजायचं. कुणालातरी मागं उभं करायचं. काळा धूर हवेच्या फिल्टरचा नाहीतर नोझलचा असतो, तो खर्च झेपतो. निळा धूर म्हणजे इंजिन तेल खातंय. पांढरा धूर सकाळी घटकाभर निघाला तर निघू द्या, गाडी तापल्यावरही थांबला नाही तर पाणी आत जातंय. अन् मग चाचाची आवडती परीक्षा. चालू इंजिनावर तेलाचं टोपण उलटं करून त्या तोंडावर नुसतं ठेवायचं. थोडं हललं तर जुन्या इंजिनाला तेवढं असतंच. टोपण थाडथाड उडून खाली पडलं, भपकारे निघाले, की रिंगा झिजल्या. मिस्त्री त्याला म्हणतात, गाडी बॅक कॉम्प्रेशन मारते. म्हणजे इंजिन खोलायचा खर्च आजच किमतीतून वजा करायचा.

मीटरवर माझा आता काडीचा विश्वास नाही. आमच्या ९४ हजाराचं खरं किती होतं ते देव जाणे. मीटर मागं फिरवता येतं, पण पायाखालचं रबर कुणी बदलत नाही. क्लच अन् ब्रेकच्या पायरीचं रबर गुळगुळीत झालंय का, स्टेअरिंग जिथं धरतात तिथं चकाकतंय का, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बसलीय का, हे बघायचं. रोज दोनशे किलोमीटर पळणारी गाडी वर्षाला साठ हजार करते. सहा वर्षांची भाड्याची गाडी साडेतीन लाख चालली असेल तर ती खरी. तीच लाखाच्या आत दाखवत असेल तर विचारायचं, मग ही उभी का होती?

हौदा काय सांगतो, हे मला स्वतःला समजत गेलं, कारण ओझं आपण वाहिलेलं असतं. तळाला फळी किंवा रेक्झिन टाकलेलं असतं, ते उचलायला लावायचं. वाळूच्या गाडीचा तळ ओल्या वाळूनं खालून वर सडलेला असतो, अन् ती गाडी कधी मापात भरलेली नसते. खताच्या गाडीचा पत्रा कोपऱ्यात कुरतडल्यासारखा होतो. जनावरांच्या गाडीला मूत मुरलेलं असतं, तो वास धुऊन जात नाही. केळी-भाजीची गाडी पळते लई, पण तिचा हौदा चांगला असतो. वाळूच्या गाडीपासून दोन हात लांब राहायचं.

आता गाडीखाली. नवीन धोतर असलं तरी जायचं. चासीवर पुढून मागं हात फिरवायचा. वेल्डिंगची गाठ हाताला लागते. एकाच जागी ताजा रंग दिसला की तिथं खिळ्यानं खरवडून बघायचं. पाटे दोन्हीकडचे सारखे मोजायचे. माल जास्त भरणारे जादा पाटा टाकतात. गाडी सपाट जागी उभी करून मागून बघायचं, एका अंगाला कललीय का. रंगाखाली पुट्टी भरलीय का ते बघायला मी फुटक्या स्पीकरचं चुंबक खिशात ठेवतो. पत्र्याला चिकटतं, पुट्टीला चिकटत नाही. केबिनचा पत्रा भरलेला असला तर एवढं काही नाही, पिकअपला घासघूस होतीच. पण चासी वाकली असंल तर फुकट दिली तरी घ्यायची नाही.

टायरच्या कडेला बारीक चौकटीत चार आकडे असतात. २३१९ असलं तर ते २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातलं टायर. टायर एकाच कडेनं खाल्लेलं असलं तर पुढच्या भागात काहीतरी वाकडं आहे.

मग रस्त्यावर. रिकामी नाही, दहा-वीस पोती टाकून. रिकामी पिकअप सगळ्यांचीच पळते. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गियरवर हळूच क्लच सोडायचा. इंजिन बंद पडलं तर क्लच धरतोय, गुरगुरत चालूच राहिलं तर क्लच संपला. मोकळ्या रस्त्यावर स्टेअरिंग घटकाभर सैल सोडायचं, कुण्या बाजूला ओढते का. ब्रेक मारला की सरळ थांबते का. मागून घूं घूं आवाज वेगासंगं वाढत गेला तर डिफरन्शियलची झीज.

अन् कागद. आमच्या गावच्या एका पोराची गाडी रस्त्यातून उचलून नेली, कारण आधीच्या मालकाचे फायनान्सचे हप्ते थकले होते. पोरानं रोख पैसे मोजले होते, पण आरसी बुकावरचा बोजा वाचला नव्हता. बोजा असला तर फायनान्सवाल्याची एनओसी अन् फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पुढं जायचं नाही. नाव बदलायला फॉर्म २९ अन् ३०. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासायची, उमटलेला नंबर आरसीशी ताडून बघायचा. एखादा आकडा घासलेला, ठोकलेला दिसला तर तिथूनच रामराम. फिटनेस बघायचं. आठ वर्षांपर्यंत ते दोन-दोन वर्षांनी करायचं असतं, पुढं दरवर्षी. विमा अन् राहिलेले दंड आता पोरं मोबाईलवर बघतात. विकणाऱ्यानंही जपावं. गाडी विकली अन् नाव तसंच ठेवलं, तर अपघात झाल्यावर भरपाई ज्याचं नाव आरसीवर त्याच्याच गळ्यात येते. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली तसाच निकाल दिलाय.

आता मोडक्या गाडीचं काय झालं ते सांगायचं राहिलं.

चाचानं ती नीट जोडून दिली. पण म्हणाला, हलकं ओझं वाहा, माणसं नको. पोरगा म्हणाला, विकून टाकू. मुखेडकडचे दोघं बापलेक बघायला आले. योगायोग असा, तेबी दिवस कलतानाच आले. गाडी धुतलेली होती. पोरानं दीड लाख सांगितले, ते एक-चाळीसवर आले. त्या बापानं इसारासाठी बंडीच्या खिशात हात घातला. मला त्याचा हात दिसला, अन् माझाच हात दिसल्यासारखं झालं.

मी म्हणालो, "पाव्हणं, जरा खाली बघून घ्या. चासी दोनदा जोडलेली हाय."

त्यांनी बघितलं. पाणी प्यायले अन् गेले. पोरगा माझ्यावर भडकला. "आपल्याला कुणी सांगितलं व्हतं का, अण्णा? मायच्या पाटल्या कशानं सोडवायच्या आता?" त्याचं खोटं नव्हतं. माझ्याकडं त्याला द्यायला उत्तर नव्हतं. मला फक्त दादांची एक गोष्ट आठवत होती. बहात्तरच्या दुष्काळानं मोडून गेल्यावर दादांनी एक बैल हाळीच्या बाजारात नेला. घरात दाणा नव्हता. गिऱ्हाईक ठरलं, अन् दादा म्हणाले, "बैल चांगला हाय, पर पाण्यात बसतो." पन्नास रुपये कमी आले. वाटेनं मी विचारलं, कामून सांगितलं? दादा म्हणाले, "उद्या त्यो गाडीत लेकरं घिऊन वढ्यातून जाईल की रं."

घेणाऱ्याला बघायची सोय असते. हौद्यात मागं बसणाऱ्याला काही बघायची सोय नसते.

गाडी शेवटी नांदेडला भंगारात गेली, अठ्ठावन्न हजाराला. पोरगा आठ दिवस बोलला नाही. पाटल्या सोडवायला तीन वर्षं लागली. वहिनीच्या औषधपाण्याचे पैसे आम्ही दिले. ती अजून म्हणते, "तुमचं काय चुकलं, भावजी?" ती असं म्हणते तेव्हा मला तिथं उभं राहवत नाही.

२०१९ ला आम्ही परत पिकअप घेतली. अर्धापूरच्या बाजूचा शेतकरी, केळी वाहायचा. २०१३ ची गाडी, मीटरवर दोन लाख शहाऐंशी हजार. रंग उडालेला, दाराला पोचे. आम्ही सकाळी सातला गेलो तर गाडी धूळ खात उभी, बोनेट गार. मी खाली वाकायच्या आधी तोच म्हणाला, "तिसरा गियर टाकताना जरा घासतो. डावा पाटा मागच्या साली बदललाय, ही पावती." सीटखालून शंभर पानी वही काढली, तेल कवा बदललं त्याच्या तारखा होत्या. तरी मी सगळं बघितलं. चाचाला संगं नेलं होतं, त्यानंबी बघितलं. इसार मात्र दुसऱ्या दिवशी दिला. ती गाडी अजून दारात आहे. एकदा इंजिनाचं काम निघालं, मीटर चार लाखाच्या पुढं गेलंय. तिच्यात सोयाबीन जातं, खत येतं. बाया आता रिक्षानं येतात, भाडं आम्ही देतो.

गेल्या दिवाळीला शेजारच्या वाडीचा एक पोरगा मला घेऊन गेला. ट्रॅक्टरवर काम करून पैसे साठवलेले. गाडी झळझळीत होती, त्याचे डोळे तिथंच अडकले. मी बोनेटला हात लावला. गरम.

"उद्या सकाळी येऊ," मी म्हणालो.

"उद्या दुसरं गिऱ्हाईक येणार हाय," मालक म्हणाला.

"त्याचं नशीब," म्हणालो, अन् पोराला घेऊन निघालो. वाटभर तो गप्प. मला मनात शिव्या देत असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, न सांगता, आम्ही परत गेलो. गाडी तिथंच होती, दुसरं गिऱ्हाईक काही आलं नव्हतं. चावी फिरवली. एक, दोन, तीन, चार. पाचव्याला लागली, अन् निळा धूर अंगणभर झाला. मी टोपण काढून उलटं ठेवलं. ते उडून पोराच्या पायाशी पडलं.

त्यानं ते उचललं, पुसलं अन् जागच्या जागी लावलं. "चला काका," म्हणाला. "चहा आपल्या गावात पिऊ."